रूपाचा रकाना

३ मार्च, सोमवार
एकदाचं बस्तान बसलं. खाली कोशाचं कार्यालय, वर पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. ठकीने, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने, आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग बळकावला. तिचे बाबा गेल्यापासून तिला मी आणि मला ती, तिसरं कुणी नाही. ती शाळेतून येईल तेव्हा मी घरातच असणार, आणखी काय हवं? कामही माझ्या आवडीचं. जुन्या हिब्रू धर्मग्रंथांत जे जे गूढ जीव येतात, त्यांच्याबद्दल कोणता पंडित काय म्हणतो ते एकेका कार्डावर उतरवायचं. संपादकबाई सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं जमणार.

५ मार्च, बुधवार
कार्डावर चार रकाने. नाव, मूळ ओळ, मतं आणि रूप. हा शेवटचा रकाना गेल्या चाळीस वर्षांत एकाही कार्डावर भरलेला नाही. बाईंनी बजावलं की ते जीव काय करतात ते खुशाल लिहा, दिसतात कसे ते लिहायचं नाही. का, तर म्हणे आमच्यात लिहीत नाहीत. आता हे काय उत्तर झालं? मग रकाना छापला कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी नवी, म्हणून कार्डं उचलून कामाला लागले.

१० मार्च, सोमवार
बाई आठवडाभर भावाकडे गेल्यात. आज ‘देवपुत्र’ हे कार्ड घेतलं. ग्रंथात एवढंच आहे की देवपुत्रांनी माणसांच्या मुली पाहिल्या, त्या देखण्या होत्या, आणि हव्या त्या त्यांनी बायका करून घेतल्या. कुणी म्हणतं हे देवदूत, कुणी म्हणतं मातलेले राजे. बावीस पंडितांची मतं उतरवली आणि शेवटी रकाना रिकामाच. अर्धवट काम मला बघवत नाही. शाईने लिहून टाकलं, ‘अतिशय उंच. वाकून आत पाहतात.’ बाई ओरडतील. ओरडू देत.

११ मार्च, मंगळवार
जेवताना ठकी म्हणाली, खिडकीतून एक माणूस वाकून बघत होता. समोरच्या गच्चीवर कुणी असेल, म्हटलं. भांडी घासताना लक्षात आलं, समोर गच्ची नाहीच. मोकळं मैदान आहे. आणि ती ‘वाकून’ म्हणाली.

१२ मार्च, बुधवार
प्रुफं तपासणाऱ्या काकांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा काढला तो परत घातलाच नाही. घरी मुलगी आहे ना, एवढंच विचारलं. मग सांगितलं की तरुणपणी बाईंनीही हा रकाना भरला होता, आणि तेव्हा बाईंना धाकटी बहीण होती. खोडून उपयोग नाही, बाईंनीही खोडलं होतं म्हणाले. तरी मी कार्ड फाडलं आणि जाळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

१३ मार्च, गुरुवार
दुपारचं लख्ख ऊन आणि आमच्याच खोलीत सावली. ठकी पलंगावर उभी राहून केस विंचरत होती. तो म्हणतो मी सुंदर आहे, म्हणाली. तिला ओढत स्टेशनकडे निघाले. दाराबाहेर पाऊल टाकलं तर वरून काहीतरी आमच्यावर वाकू लागलं. परत आत पळालो. दाराला आतून कडी घातली.

१४ मार्च, शुक्रवार
लिहिलेलं खरं होतं ना? मग तेच हत्यार. नवं कार्ड घेतलं— ‘देवपुत्र आंधळे असतात.’ दिसणारच नाही तर निवडणार काय? शाई वाळली आणि खिडकीतून सावली सरकली. ठकीला कुशीत घेऊन पोटभर रडले. सुटलो—

१५ मार्च
बोटं.
चौकटीवरून, भिंतीवरून— चाचपताहेत. पलंग उलटला. तिची उशी उचलून पाहिली, ठेवली—
आम्ही टेबलाखाली. कार्डं खाली कार्यालयात. इथेच लिहिते, वहीतच. चालेल. चालायलाच हवं—
ठकी घट्ट बिलगलीय. हुं की चूं करत नाही माझी गुणाची पोर—
वही हलतेय, अक्षर उमटत नाही. धरायला दुसरा हात हवा. तिला क्षणभर सोडते. एकच ओळ—

देवपुत्रांना हात