एका हातात मावणाऱ्या कादंबऱ्या

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी मना केलं आहे, तेव्हा हा खुर्चीत बसूनच घातला असं समजावं.) वहिनींनाही नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतो. रक्तदाब किती असतो? साखर आहे का? सिगारेट सुटली, की अजून गच्चीत चोरून चालू आहे? सविस्तर कळवावं. अकरा वर्षांनी पत्र आलं आणि त्यात धाकटा भाऊ साखर विचारतो, म्हणजे याचं काहीतरी बिघडलंय, असं तुला वाटेल. बिघडलंच आहे. दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, मला डायलिसिसच्या यंत्राला जोडतात. पण रडगाणं गायला पत्र लिहीत नाही, एका वादाचा निकाल लावायचा आहे.

आमच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या. डाव्या हातात दोन जाड सुया असतात आणि तो हात जरा हलला की यंत्र ओरडतं, मग सिस्टर त्याच्याहून मोठ्यांदा ओरडतात. त्यामुळे जे काही वाचायचं ते उजव्या हातात मावलं पाहिजे. माझ्या एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ (आम्ही त्यांना घड्याळकाका म्हणायचो), दुसऱ्या बाजूला शाळेतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या बाई. तिघांनाही विज्ञानकादंबऱ्यांचं वेड आणि एकाचं मत दुसऱ्याला पटेल तर शपथ. एके दिवशी बाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं : मरण्यापूर्वी वाचायलाच हव्यात अशा शंभर विज्ञानकादंबऱ्या. घड्याळकाकांनी आधी कात्रणावर नजर टाकली, मग हॉलवर, आणि म्हणाले, "शंभर जरा जास्त होतात. दहा करू."

कादंबऱ्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव दिसलं की तू उरलेलं पत्र बाजूला टाकून वाद घालायला बसशील, ओळखतो मी तुला. कोरड्या ठणठणीत ग्रहावरची एक कादंबरी एकमताने पहिली आली. (आम्हाला दिवसाला एक लिटर पाणी, तेही चहा धरून. त्या ग्रहावरच्या लोकांची चैन वाचून बाईंना हेवा वाटला.) काळात मागे जाण्याच्या कादंबऱ्यांना घड्याळकाकांचा सक्त विरोध, कारण जन्मभर त्यांनी लोकांचे काटे मागे फिरवून दिले होते आणि कुणाचं काही भलं झालेलं पाहिलं नव्हतं. माणसांचे अवयव काढून साठवणाऱ्या परग्रहवासीयांची एक कादंबरी मी सुचवली. बाईंनी विचारलं, "त्यांच्याकडे रांग केवढी आहे?"

नऊ ठरल्या, दहावीवर अडलं. तेच जाडं पुस्तक, दादा, ज्यावरून बाबांचं कपाट वाटून घेताना आपलं फाटलं. ते ज्याने वाचलं नाही त्याने काही वाचलंच नाही, असं तू म्हणालास. निम्मं कापलं तर वाचेन, असं मी म्हणालो. तुझ्यासारख्या मुद्रितं तपासणाऱ्याला पुस्तकातले फक्त काना-मात्रा कळतात, असं म्हणून तू ते उचलून घेऊन गेलास आणि मी पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही. (काना-मात्रेचं लागलं मला. अजून लागतं.) इथे बाई त्या पुस्तकाच्या बाजूने, मी विरुद्ध आणि घड्याळकाकांनी ते वाचलेलं नाही. बाईंची प्रत एका हातात मावेना, म्हणून मी आमच्या छापखान्यातल्या बाइंडरकडून तिचे पाच भाग करून आणले. काकांनी चार भाग संपवले. मंगळवारी पाचवा घरी नेला, बुधवारी सकाळी ते गेले. त्यांच्या मुलीने तो भाग परत आणून दिला. खूण म्हणून त्यात घड्याळाचा पट्टा होता. साठ पानं राहिली होती.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, त्या खुर्चीत एक टॅक्सीवाला आला, पहिल्यांदाच, घाबरलेला. बाईंनी काहीएक न सांगता त्या खुर्चीकडे तोंड करून उरलेली साठ पानं मोठ्याने वाचायला घेतली. त्याला वाटलं, हाही उपचारातलाच भाग असेल, म्हणून तो मुकाट्याने ऐकत राहिला. वाचन दोन खेपांत संपलं, तेव्हा म्हणाला, "चांगलं आहे हो, पण आधी काय झालं?" आम्ही दोघं रडत होतो, त्यामुळे ते सांगायचं राहिलं. तेव्हापासून मी फक्त बारीक पुस्तकं वाचतो. जाडं उघडायची भीती वाटते, दादा. अर्ध्यावर राहायची भीती वाटते.

तर मतं एकास एक आहेत. तिसरं तुझं. येऊन द्यावं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुस्तक आणायची गरज नाही, पाचही भाग इथे आहेत.

ता. क. २ : मत टपालानेही चाललं असतं. खरं कारण लिहितो. सख्खं कोणी आहे का, असं डॉक्टर चार महिने विचारत होते आणि मी नाही म्हणत होतो. परवा म्हणालो, एक भाऊ आहे. आईच्या वहीत आपल्या दोघांचा रक्तगट एकच लिहिलेला आहे. एक किडनी दिली तरी दुसरीवर माणसाचं नीट चालतं, असं डॉक्टर सांगतात. आधी नुसत्या तपासण्या. वहिनींशी बोलून ठरव. नाही म्हणालास तर रागावणार नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू. रागावेन, आणि तरीही तू यावंस असं वाटेल.

ता. क. ३ : उपाशीपोटी ये, सकाळी रक्त घेतात. आणि त्या पुस्तकाबाबत तुझंच बरोबर होतं असं मी कबूल करावं अशी अट घालणार असशील, तर ती मान्य नाही. निम्मं कापायलाच हवं. शेवटची साठ पानं मात्र राहू देत.