सानगडीच्या घराचा लिलाव होणार नाही

मी, सत्यभामा देवाजी कापगते, वय एकाहत्तर, अविवाहित, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझे भाचे तो मानणार नाहीत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही घेतला आहे.

लिलाव आणि स्पर्धा हा माझ्या संशोधनाचा विषय. तो मला माझे थोरले बंधू कै. श्यामराव यांनी दिला. गावतलावाच्या मासेमारीचा ठेका ग्रामपंचायतीत बोलीने जाई. बोली लावणारे आधी टपरीवर चहा पीत यंदा कोणाची पाळी ते ठरवत, मग आत येऊन भांडल्यासारखे करत. भाऊ सर्वांत झकास भांडत. मी त्यावर प्रबंध लिहिला. पंचायतीने माझे ऐकून बंद पाकिटे मागवली, आणि त्या वर्षी घाबरून भाऊंनीच सर्वांत मोठा आकडा लिहिला आणि ठेका तोट्यात घेतला. “तू बहीण आहेस का वैरीण?” एवढे विचारून त्यांनी माझ्या घरचे पाणी सोडले, ते कायमचे. त्यांचा फोटो माझ्या बैठकीत आहे. तो कोणी काढू नये.

भाऊंचे दोन मुलगे: थोरला गोलू, वरठीला राहतो, धाकटा पिंटू, कारध्याला. माझ्यामागे घर कोणाला, याबद्दल मी कधी अवाक्षर काढले नव्हते. तरी निवृत्त होऊन मी गावी आले आणि दोघांना एकदम आत्या आठवली. गोलूने कूलर आणला, तर पिंटूने एसी बसवला. पिंटूने वैनगंगेचे झिंगे आणले, तर गोलू जिवंत कोंबडा घेऊन आला. मी मांसमच्छी खात नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. माझ्या वाढदिवसाला गोलूने चौकात फ्लेक्स लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट फ्लेक्स पिंटूचा, त्यावर मी ‘अर्थशात्राची महामेरु’. हरणाऱ्याचाही खर्च बुडतो अशा स्पर्धेत शहाणी माणसे किती वाहवत जातात, हे मी वर्गात फळ्यावर शिकवत असे. इथे दोघे घरी येऊन शिकवत होते.

त्या करमणुकीत मी एक मृत्युपत्र केले होते: दोघांनी बंद पाकिटात बोली द्यावी, जास्त देईल त्याचे घर. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. कारण असे.

एक दिवस पिंटूची बायको डिंपल फोनवर बोलून गेली, “आत्या, आता टेन्शन नाही. दोघायनं बसून ठरवून टाकलं, अर्धं अर्धं. आता कोणालेच धावपळ नाही.” बापाचे वळण मुलांत उतरले, याचे मला शास्त्रीय समाधान वाटले.

पुढच्याच आठवड्यात मी न्हाणीत घसरले आणि माझे खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. गोलूला फोन केला. “आत्या, मी कामात फसून राहिलो. पिंटूले सांग ना, तो जवळ आहे.” पिंटू म्हणाला, “थोरला तो आहे, पहिले त्याले येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी कारध्याहून, पिंटूच्या घरून, नदीचा पूल ओलांडून ऑटोने आल्या त्या ताराबाई, भाऊंच्या पत्नी, माझ्या वहिनी. काखेत गोधडी. आमचे कधी पटले नाही. माझ्या छापील प्रबंधाची प्रत त्यांनी पापड वाळवताना खाली अंथरली होती, हे मी विसरलेले नाही.

“वहिनी, तुम्ही काहून आल्या?”

“कोणी आलं नाही म्हणून आली.”

“घर पोरांनी वाटून घेतलं आहे. तुम्हाला त्यातलं काही नाही.”

“मले मालूम आहे. सरका तिकडं, चादर बदलू द्या. अन् बाई, तुमालेही मजाच वाटली ना दोघायले पळवताना?”

मी सरकले. माझ्या कोणत्याही सूत्रात हे बसत नव्हते. हाड जुळेपर्यंत त्या राहिल्या. रोज बोलणी दिली, घोरल्या, आणि एक दिवसही मला एकटे सोडले नाही.

सबब, सानगडीचे राहते घर परसासह आणि बँकेतील सर्व ठेवी मी श्रीमती ताराबाई श्यामराव कापगते यांना कोणतीही अट न घालता देते. हे सांगितले तेव्हा “छपराले गळती आहे, मी काय करू त्याचं?” असे त्या म्हणाल्या. याला मी नकार समजत नाही.

कूलर पिंटूला द्यावा आणि एसी गोलूला. तक्रार असल्यास आपसात बसून ठरवावे. त्यांना सवय आहे.

माझ्यामागे दोघे आईच्या दारी झिंगे आणि कोंबडे घेऊन येतील. त्यांना आत घ्यावे की नाही, हे वहिनींनी ठरवावे. पण झिंगे ठेवून घ्यावेत. त्यांना ते आवडतात.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. खालील दोघांसमोर मी, आणि माझ्यासमोर त्यांनी सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा संकेत आहे. हे मोठ्याने वाचून दाखवल्यावर ओट्यावर जमलेल्या मंडळींपैकी जे दोघे उरले, ते हे:

साक्षीदार १. गोमाजी लांजेवार (सही)
साक्षीदार २. सीताबाई हटवार (अंगठा)

सत्यभामा देवाजी कापगते (सही)

मुक्काम सानगडी, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५