चेपलेले डबे

५ ऑक्टोबर ८६, रविवार
नाहूरला आईकडे. दादाही बोरिवलीहून आलेला. तोच विषय. दादा म्हणतो, वय शहात्तर, डायबेटीस, बीपी, एकटी राहते, उद्या काही झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आईचं एकच उत्तर : "माका हय ऱ्हवांदे. माझ्या हातान करून खातंय मा?" बाबा गेल्यापासून सात वर्षं ती या चाळीतल्या खोलीत एकटी आहे. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही माणसं नोकरीला. तिथे ती दिवसभर काय करणार? खुर्चीत बसणार.
मी मध्ये पडले. म्हटलं मी मुलुंडला आहे, चालत पंचवीस मिनिटं, मी बघेन. दादा : "ठीक आहे. पण काही झालं तर मी ऐकणार नाही, शालू." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय.

१२ ऑक्टो., रवि.
आईकडे. ती पोथी वाचत होती, पानं उलटत. मला बघून, "इलंस? साडी बरी हा गो." दर वेळी म्हणते. पदराला हात लावून बघते.
तिच्या स्वयंपाकाच्या फळीकडे बघवत नाही. पत्र्याचे, जर्मनचे नऊ डबे, एकूण एक चेपलेला. एकाचं झाकण दुसऱ्याला. बीपीची गोळी तपकिरीच्या डबीत, साखरेची गोळी बामच्या बाटलीत! माझे हात शिवशिवतात. पुढच्या रविवारी दिवाळीची साफसफाई करून टाकते.

१९ ऑक्टो., रवि.
कंबर मोडली पण खोली लख्ख! जाळी, जळमटं, फळी, सगळं. आईला राणेकाकूंकडे बसवून ठेवलं, शेजारीच आहेत, म्हणजे मध्ये मध्ये येऊन "ह्यां नको टाकू" नाही. बोहारीण आयती दारात आली. आईच्या दोन विटक्या जरीच्या साड्या, माझ्या तीन आणि ते नऊ डबे घालून स्टीलच्या नऊ डब्यांचा सेट घेतला. सगळे एका मापाचे, आरशासारखे. आधी सहाच देत होती. तासभर घासाघीस. आवळा देऊन कोहळा काढला आज मी.
गोळ्यांसाठी प्लॅस्टिकच्या दोन डब्या घेतल्या. साखरेच्या डबीवर 'सकाळ', बीपीच्या डबीवर 'संध्याकाळ', वर्गात फळ्यावर लिहिते तेवढ्या मोठ्या अक्षरात.
आई आत आली. फळीवरून हात फिरवला. म्हणाली, "माझे डबे खय गेले?" मी सांगितलं. मला वाटलं, कौतुक तरी करेल. मग, "माझे होते तेच बरे होते गो." म्हातारी माणसं अशीच. रागच आला मला.

२३ ऑक्टो.
राणेकाकू बाजारात भेटल्या. बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या आयेन काल माका चाय दिल्यान. मीठ घातल्यान गो त्यात. वय झाला आता." चहात मीठ. आईने! जिच्या हातचा चहा प्यायला बाबांचे गिरणीतले मित्र लोअर परळहून यायचे.
दादाला सांगायचं नाही.

२६ ऑक्टो., रवि.
आमटीत साखर, शिऱ्याला रव्याऐवजी तांदळाचं पीठ. मी चिडले. "लक्ष कुठे असतं तुझं? सगळे डबे पुसून ओळीने लावलेत, वर नावं चिकटवलीत, आणखी काय करू?" खाली मान घालून ऐकलं. "विसारतंय हल्ली," म्हणाली. म्हणजे डोकं जातंय हिचं. बाबांच्या थोरल्या बहिणीचं झालं तसं. घरी येताना रस्त्यात रडले.
उद्यापासून दिवाळीची सुट्टी. शाळा नाही. रोज जाईन.

२९ ऑक्टो.
व्हायचं ते झालं. सकाळी दहाला पोचले तर आई मोरीपाशी पडलेली. घामाने चिंब, हाक मारली तर नुसतं ऊं ऊं. राणेकाकूंनी साखरपाणी पाजलं, समोरचे डॉक्टर आले. काल संध्याकाळी बीपीची म्हणून आणि आज सकाळी, दोन्ही गोळ्या साखरेच्याच घेतल्या होत्या. बीपीची एकही नाही. डॉ. म्हणाले, आणखी तासभर असंच राहतं तर कठीण होतं.
दादाला खालच्या दुकानातून फोन केला. तो शांतपणे "बरं" म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२ नोव्हें.
दिवाळी. कंदील लावला, चकल्या विकतच्या. आई आमच्याकडे मुलुंडला. दर तासाला विचारते, "माका घराक कधी सोडतलंस?"

४ नोव्हें.
काल तिला नाहूरला परत आणलं, मीही तिथेच आहे. आज जे पाहिलं ते लिहिते.
मी नळावर पाणी भरायला गेले होते. परतले ते अनवाणी, चपला बाहेर ओल्या झालेल्या. तिला कळलंच नाही मी आलेली. दारातच थांबले. ती फळीपाशी उभी. एकेका डब्याला दोन्ही तळहातांनी धरून चाचपत होती. खाली, वर, गोल फिरवून. ठेवला. दुसरा घेतला. मग झाकण काढून नाक लावलं, बोट बुडवून जिभेला लावलं. वर चिकटवलेल्या नावाकडे एकदाही पाहिलं नाही.
"आई, तुला दिसत नाही?"
इतकी दचकली की डबा पडला. पोहे सगळीकडे. मग खाली बसून पोहे गोळा करायला लागली, आणि तिचा हात जिथे पोहे नव्हतेच तिथे फिरत होता.
दोन वर्षं झाली म्हणाली. हळूहळू. पोथी पाठ आहे, पानं नुसती उलटते. मला चपलेच्या आवाजावरून ओळखते. साडी हाताने. आणि डबे चेपल्यावरून. मिठाचा डबा बाबांनी रागाने आपटलेला, एका बाजूने खड्डा. पिठाचा दादाच्या डोक्याने चेपलेला, पाळण्यातून पडला तेव्हा. "आणि साखरेच्या डब्याक तुझी लाथ. खाऊ देवक नाय म्हणान." गोळ्यांचंही तसंच. तपकिरीची डबी आणि बामची बाटली, चुकणार कशी?
मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "सांगलंय असता तर तुमी माका उचलून बोरिवलीक नेशात."
दोन वर्षं दर रविवारी मी तिच्यासमोर बसून चहा प्यायलेय. डोकं तिचं नाही, माझं गेलं होतं.

७ नोव्हें.
डोळ्यांचे डॉ. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन केलं तरी. राहिलीय तेवढी टिकवायला थेंब. उजव्यात नुसता उजेड-अंधार, डाव्यात किलकिल्या दारातून दिसावं एवढं. मी विचारलं, डब्यांना रबर, दोरे बांधले तर? त्यांनी आईच्या बोटांना टाचणी टोचली. तिला कळलं नाही. डायबेटीसने बोटांची टोकं बधिर झालीत. दोरा लागणार नाही. मोठा खड्डा तळहाताला लागतो, म्हणून ते डबे चालत होते.
सहज बोलून गेले, "जुने डबे आहेत ना?"

८ नोव्हें.
बोहारणीला शोधायला घाटकोपर. स्टेशनबाहेर त्यांची रांग बसते. चौथ्या बाईने सांगितलं, ती आमची जाऊबाई. जाऊबाई सापडली. "ताई, पत्रा-जर्मन आम्ही ठेवत नाही, त्याच दिवशी भंगारात. आता वितळलं असेल." वर म्हणाली, स्टीलचे परत द्यायचे तर साड्या नाही मिळणार हां. साड्या!
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. घरी येऊन जेवले नाही. हे म्हणाले, तू चांगल्या भावनेने केलंस. चांगल्या भावनेचं काय लोणचं घालू?

९ नोव्हें., रवि.
दादा आला. सगळं सांगितलं, डोळ्यांचंही, लपवून आता काय उपयोग. त्याने आईसमोर हात जोडले. "आई, झालं ना आता? चल." ती भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी म्हणाली, "पुढल्या आयतवारी ये. माझ्या हातची चाय पी. चुकलंय तर येतंय." दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, काय हरकत आहे? तो हो म्हणाला. त्याला वाटतं ती चुकणार. मलाही.

१० नोव्हें.
खलबत्त्यातला बत्ता घेऊन स्टीलचे डबे चेपायला बसले. दोन्ही पायांत डबा धरून. पहिल्या घावाला नुसता पोचा. स्टील चिवट. जोरात मारलं तर काठ वाकला, झाकण बसेना. राणेकाकू आवाज ऐकून आल्या, दारात उभ्या राहून बघत राहिल्या, मग स्वतःच एक डबा धरून बसल्या. आई मधूनच म्हणायची, "हळू मारा गो, नवे हत ते." नऊपैकी पाच जमले. मीठ एका बाजूला, साखर दोन्ही बाजूंनी, चहा तळाशी, अशी खूण ठरवली.

१२ नोव्हें.
सराव. पाचातले दोन बरोबर. साखरेला मुंग्या, झाकण नीट बसत नाही. आई म्हणते हे खड्डे तिच्या हाताला ओळखीचे नाहीत. ते चाळीस वर्षांचे होते, हे परवाचे.

१३ नोव्हें.
तीन. चहा आणि मीठ दर वेळी चुकतं. मी ओरडले. मग पाय दाबून दिले.
राणेकाकू मुलाच्या लग्नाला गावी चालल्यात, होळीनंतरच येणार. रोजच्या गोळ्या त्याच काढून देतात, आता कोण देणार? विचार करवत नाही.

१५ नोव्हें.
सकाळी चार बरोबर. दुपारी एक. संध्याकाळी ती म्हणाली, "पुरे. हात दुखतत." अंथरुणावर पडून छताकडे बघत होती. म्हणजे बघत नव्हती.
तिने चुकावं असं मला वाटतं का? वाटतं. आज प्रथमच वाटलं. दादाकडे निदान कोणीतरी रात्री घरी असेल. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

१६ नोव्हें., रवि.
दादा अकराला आला. आईने इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. त्याला खाटेवर बसवलं. मी दारात उभी. स्टो पेटवला, एकाच काडीत. आधण ठेवलं. चहाचा डबा घेतला, तळ चाचपला, बरोबर. दूध बरोबर. मग साखर. फळीवरून हात फिरला आणि मिठाच्या डब्यावर थांबला. तळहाताने एकदा चाचपला. झाकण उघडायला घेतलं.
मी खोकले.
ठरवून नाही. ठरवलं असतं तर कदाचित खोकले नसते. तिचा हात क्षणभर तिथेच राहिला, मग शेजारच्या डब्यावर गेला. दोन चमचे. दादाने काही पाहिलं नाही, तो खिडकीतून बाहेर बघत होता. की मुद्दाम बघत होता कोण जाणे.
चहा प्यायला. पूर्ण. कप ठेवला आणि म्हणाला, "ठीक आहे आई. संक्रांतीपर्यंत राहा. मग बघू." तिच्या पाया पडला. चपला घालून निघाला.
तो गेल्यावर मी कप धुतले. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. चपला घालायला लागले तशी ती आवाजावरून दारापर्यंत आली. माझा पदर हातात धरला. साडी बरी हा म्हणेल असं वाटलं.
म्हणाली, "उद्या कोण खोकतला गो?"
मी म्हटलं, "आई, उद्यापासून माझी सकाळची शाळा आहे."
"म्हणानच इचारतंय," ती म्हणाली, आणि पदर सोडला.