आंघोळ कोणी घातली

प्रिय मृणाल,

हे सांगायला तीनदा फोन हातात घेतला होता. पण वकिलीची सनद मिळाल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, तू फोन उचलतानाही वकिलासारखं "बोला" म्हणतेस आणि माझा धीर सुटतो. म्हणून कागद. शेजारची विनिता तुझ्याकडे एम. पी. नगरला येणार आहे, तिच्या हाती तुझ्या खोलीवर पाठवते. एकटी असताना वाच.

गुरुवारी कोर्टातून निघाल्या निघाल्या तू कळवलंस, "आई, तज्ज्ञ म्हणाले, ठसा आत्याआजीचाच! अंबरीशचा चेहरा बघायला हवा होतास." तुझाच वर्गमित्र तो, समोरच्या बाजूचा वकील, त्याचीही पहिलीच केस. बाबांनी पेढे आणले. आत्यांच्या मिसरोदच्या घराची पुढची खोली तुझं ऑफिस होणार म्हणून नावाची पितळी पाटी त्यांनी आधीच करून घेतली आहे. ती कपाटात धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. मी पेढा हातात धरून बसून राहिले. ठसा सिंधूआत्यांचाच आहे, मृणाल. त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तुला आठवत असतील त्या धडधाकट असतानाच्या. बाबा भेटायला गेले की म्हणायच्या, "काय रे सुभाष, मला बघायला आलास की घर?" आणि स्वतःच हसायच्या. बावीस वर्षं त्यांच्याच घरी राहून शोभाने त्यांचं सगळं केलं. पक्षाघातानंतर तर रोज सकाळी कोमट पाण्याने अंग पुसणं, नखं काढणं, केस विंचरणं. जुन्या मृत्युपत्रात घर शोभाला होतं. बाबांनी दाखवलेल्या नव्यात ते बाबांना आहे. त्यावर आत्यांच्या अंगठ्याचा ठसा आणि तारीख बुधवारची. आत्या गेल्या त्या रविवारी पहाटे.

त्या पहाटे शोभाचा फोन आला तेव्हा बाबा माझी वाट न पाहता पुढे गेले. मी हबीबगंजहून रिक्षाने पोचले, तर शोभा फाटकापाशी डॉक्टरांना घेऊन येत होती. "भैयांनीच पाठवलं, वहिनी. म्हणाले, मी बसतो आत्याजवळ." खोलीत बाबा खुर्चीवर बसले होते. खिडक्या बंद, पंखा बंद. आत्यांचा उजवा हात चादरीच्या बाहेर होता.

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघींनीच आंघोळ घातली. शोभा पाणी ओतत होती, मी हात धरला होता. तेव्हा दिसलं. अंगठ्यावर जांभळी शाई. विळीने कापल्याची ती आडवी खूण शाईत उठून दिसत होती. मी अंगठा मुठीत झाकला. शोभा म्हणाली, "हात मोकळा सोडा ना वहिनी, पाणी लागू दे त्यांना." बाबा दाराबाहेर पाठ करून उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "अलका, आटप लवकर." मी साबण लावून अंगठा स्वच्छ केला. मूठ उघडली, तर शाई माझ्या तळहातावर उतरली होती. ओली होती, मृणाल. बुधवारची शाई रविवारी ओली नसते.

पुढचं वाचून तू म्हणशील, आईची झोप झालेली नाही. कोर्टाच्या पहिल्या तारखेनंतर आपल्या दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर एक ठसा दिसला. पुसला. दुसऱ्या तारखेनंतर खिडकीच्या काचेवर. तो पुसला जाईना, तेव्हा कळलं की काचेच्या बाहेरून आहे. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. जवळ जाऊन पाहिलं, मधोमध आडवी रेघ होती. मी शेजारी माझा अंगठा उमटवला. माझ्यात रेघ नाही. बाबांना दाखवलं, तर ते काचेकडे बघत म्हणाले, "कुठे काय?"

गुरुवारी पेढा खाली ठेवला आणि हात धुवायला गेले, तेव्हा तळहातावर ठसा होता. अगदी त्याच जागी.

तुम्ही दोघं हुशार आहात. डॉक्टरांना विचारलंत, साक्षीदारांना विचारलंत, ठशांच्या तज्ज्ञाला तासभर विचारलंत. ठसा कोणाचा यावर भांडलात. तो दिला तेव्हा आत्या हयात होत्या का, हे विचारलं नाहीत. आंघोळ कोणी घातली, हे तर दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. पुस्तकातलं कायद्याचं ज्ञान ताजं आहे तुमचं, पण घरातलं माणूस जाताना तुम्ही अजून बायकांमध्ये बसलेली नाहीत.

काल मी अंबरीशला फोन केला. सोमवारी शोभाच्या बाजूने माझी साक्ष आहे. तुला ते कोर्टात कळू नये म्हणून हे पत्र. केस सोडायची तर सोड. उभी राहणार असशील, तर माझी नीट उलटतपासणी घे, आई म्हणून सोडू नकोस. "इतके महिने गप्प का होतात?" हे आधी विचार. त्याचं उत्तर मी तयार केलेलं नाही. ती पाटी आठवेल आणि जे तोंडून निघेल ते खरं असेल. तळहात रोज घासते, जात नाही. बाबांना दिसत नाही, तुला दिसेल की नाही, ठाऊक नाही. शोभाला मात्र दिसेल, असं वाटतं.

हात धुता न येणारी, तरीही तुझीच,
आई