बेसमेंटमधली रताळी

ती. आसावरीताईस,

नेपरव्हिलहून, दोन स्वेटर आणि एका शालीच्या आतून अहिल्याचा नमस्कार. (साष्टांग घातला तर उठवायला सुशांतला ऑफिसातून यावं लागेल.) गुडघ्याला तेल लावतेस ना? भावजींचा खोकला कसा आहे? आम्ही सर्व खुशाल, म्हणजे परवापर्यंत होतो. व्हॉट्सॲपवर लिहीत नाही, कारण माझा फोन रेणूच हाताळते.

थंडीआधी इथे बागेची जेवढी तयारी करतात, तेवढी आपल्याकडे लेकीच्या बाळंतपणाचीही होत नाही. आमच्या सूनबाईंनी गुलाबांच्या बुंध्यांशी मातीचे ढीग लावले, झुडपांना गोणपाट गुंडाळलं, पाइपातलं पाणी निथळवून त्याचं वेटोळं केलं. मी मागोमाग विचारत होते, जमीन किती खोल गोठते? (साडेतीन फूट.) मग गांडुळं कुठे जातात? (खाली. किती खाली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.) तिसऱ्या दिवशी रेणू म्हणाली, "आई, तुम्ही शॉमबर्गला माझ्या मावशीकडे दोन दिवस राहून या ना." गेले, आणि तिथेच घात झाला.

त्या दोन दिवसांत डेलियाच्या फुलझाडांचा पाला गोठून काळा पडला आणि रेणूने त्यांचे कंद उकरले. जमिनीत राहिले तर ते सडतात, म्हणून धुऊन, वाळवून, लाकडाच्या भुशात घालून बेसमेंटमध्ये बटाट्यांशेजारी ठेवले. हे मला नंतर कळलं. परवा एकादशीला मला दिसलं ते एवढंच, की घरात कोणी नाही आणि खोकाभर रताळी आहेत. सुनेने माझा उपास लक्षात ठेवला म्हणून मला अगदी भरून आलं. मानेकडचा लाकडासारखा भाग कापून टाकला, बाकी सगळं किसून तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट घातलं. कीस पाणचट लागला. म्हटलं, अमेरिकन रताळी असतील. सुशांतने संध्याकाळी दोनदा वाढून घेतला. (मी तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, हे कृपया कुणाला सांगू नकोस.)

तो खात असतानाच शेजारची बार्बरा आली. तिच्या नवऱ्याने अकरा वर्षं खपून बियांपासून एक पिवळा डेलिया तयार केला होता. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, आणि तिच्याकडचे कंद गेल्या हिवाळ्यात सडले. उरलेले सगळे रेणूकडे. मेमध्ये अर्धे तिला द्यायचे ठरले होते. "दे आर सेफ, राइट?" तिने विचारलं. रेणू म्हणाली, "ऑफ कोर्स. बेसमेंटमध्ये, पोटॅटोजच्या बाजूच्या बॉक्समध्ये." मी सुशांतच्या ताटातल्या किसाकडे पाहिलं.

काल सुशांतला इंडियन दुकानात न्यायला लावून खरी रताळी आणली आणि भुशात निजवली. खोकं अगदी पहिल्यासारखं दिसतं. पण बार्बरा खिडकीतून हात हलवते तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं. फार वाईट वाटतंय गं.

तुझी,
अहिल्या

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. ग्रीन कार्ड झाल्यापासून ही दोघं मला कितीही दिवस ठेवून घेतात. लागवड मेमध्ये असते. तेव्हा तू सुशांतला फोन करून तुझी तब्येत बिघडल्याचं सांग आणि मला एप्रिलमध्ये बोलावून घे. फार गंभीर काही सांगू नकोस, नाहीतर तोही येईल.

ता.क. २. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितेय. आज अंघोळ करताना आठवलं, डेलियाला कोंब येतो तो डोळा कंदावर नसतो, मानेवर असतो. आणि मी माना तर टाकून दिल्या होत्या. रेणूची खताची बादली सुदैवाने भरलेलीच होती. सालांखालून सात माना निघाल्या, त्यातल्या तिघींना थोडा कंद शिल्लक होता. त्या घेऊन तशीच बार्बराकडे गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तिने एकेक मान हातात घेऊन पाहिली. मग माना भुशात ठेवून तिने विचारलं, "हाऊ डिड दे टेस्ट?" हे कंद खाता येतात, असं तिचा नवरा नेहमी म्हणायचा, हिने त्याला एकही चाखू दिला नव्हता. फ्रिजमधला वाटीभर कीस नेऊन दिला. तिने उभ्याउभ्याच संपवला. "नीड्स सॉल्ट," म्हणाली आणि डोळे पुसले. मीही पुसले. (मीठ खरंच कमी होतं.)

रेणूलाही सांगितलं. ती बोलत नाही, चहा मात्र देते. तू फोन करू नकोस, ताई. त्या मानांना फुटवे येतात का, ते मला इथे राहून बघायचंय.