एक चिमूट खाणं

३ जून
आज पुन्हा तीन किडे! ह्यांच्या माशांच्या टाकीतला दिवा लावताच दगडांच्या फटींत सरकले — वीतभर लांब, गुलाबी, अंगभर काचेसारखे केस. एकाला चिमट्याने ओढायला गेले, तर ते केस माझ्याच बोटांत घुसले. चिकटपट्टी लावून उपटले. ह्यांनी विचारलं, "प्रवाळाला धक्का नाही ना लागला?" माझ्या बोटांचं नाव नाही!

पस्तीस वर्षांत माझ्या तापाला ह्यांनी कधी थर्मामीटर लावला नाही. ह्या खाऱ्या पाण्याचं तापमान मात्र रोज दोनदा वहीत. आणि त्या वहीला मी हात लावायचा नाही.

६ जून
बाटलीत कोळंबी घालून सापळा ठेवला होता. सकाळी अकरा किडे. शी!

७ जून
माशांचा दुकानदार येऊन पाहून गेला. "काकू, किड्यांना शिव्या देऊ नका. उरलंसुरलं, मेलेलं खातात बिचारे. एवढे वाढले म्हणजे खाणं जास्त पडतंय. दिवसाला एक चिमूट, बस्स."

"मी एकच घालतो," हे म्हणाले. "ही घालत असणार. हिला लाड करायची खोडच आहे." परक्या माणसासमोर! मी त्या डब्याला शिवतसुद्धा नाही.

८ जून
लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत दुसऱ्याच एका मुलीने सांडलेल्या शाईसाठी सिस्टरनी मला पट्टी मारली होती. पण मधल्या सुट्टीत त्या मुलीने आपलं अर्धं बिस्किट आणून दिलं. इथे कोण देणार?

१० जून
अबोला.

११ जून
लेकीचा फोन. "आई, कशाला गं चोरून घालतेस?" चोरून! ह्या वयात चोर ठरले.

१३ जून
निळा मासा मेला. किड्यांनी अर्धा संपवलाही होता. "झालं समाधान?" — हे.

पुरे झालं! दुपारी हे आडवे झाल्यावर वही उघडली. पुरावाच हवा होता मला.

आजचं पान. तेच नेटकं, टपोरं अक्षर.
सकाळचं खाणं, एक चिमूट.
सकाळचं खाणं, एक चिमूट.
सकाळचं खाणं, एक चिमूट.
सकाळचं खाणं, एक चिमूट.

कालच्या पानावर पाच वेळा.

१४ जून
चहा देताना सांगितलं — "मीच घालत होते. चुकलं माझं."
"बघ! मी म्हणत नव्हतो?" केवढे खूश झाले.

डब्यात आजपासून मी रोज एकच चिमूट ठेवणार. दहा वाजता ह्यांनी तो पुन्हा उघडला.
"संपलं?"
"संपलं," म्हटलं. "उद्या आणू."