अप्पांनी भिंतीवर लिहिलेला सीट नंबर

रवि. ११ फेब्रु. ९६
"गम्मत शे व, यामा तुनं काय जास?" अप्पांनी विचारलं. माझं काय जातं, ते मला सांगता आलं नाही. आता लिहितानाही येत नाही.

पाटीलकाका अप्पांच्याच लूमच्या कारखान्यात कामाला आहेत. दर आठवड्याला गावाकडून येताना नवापूरहून लॉटरीची तिकिटं आणतात, सगळ्या गल्लीसाठी; इथे ती मिळत नाहीत. अप्पांनी या वेळी शेवटी ३७ असलेलं घेतलं. का, तर माझा टी.वाय.चा सीट नंबर ४१३७. गेल्या मार्चमध्ये मी परीक्षेला निघाले तेव्हा त्यांनी तो विटेच्या तुकड्याने पाण्याच्या माठावरच्या भिंतीवर लिहिला होता. आईने अजून पुसू दिलेला नाही.

लागला. छोटंच बक्षीस. अप्पांनी गल्लीला जिलेबी वाटली. "मनी पोर नशीबनी शे." शेंदूर लावलेल्या दगडाकडे बघावं तसे सगळे माझ्याकडे बघत होते.

बुध. १४ फेब्रु.
नळावर लताकाकू म्हणाल्या, "तिकिटाला जरा हात लाव गं, मग ठेवते देवापाशी." मी बादली उचलून आले. मागून त्यांचाच आवाज, "शिकली ना, आता कशाला हात लावेल!"

इथून, भेस्तानहून, कॉलेजपर्यंत तीन वर्षं गाडीत उभ्याने प्रवास. लूमच्या आवाजात कानात कापूस घालून वाचलं. विषय कोणता होता, हे अख्ख्या गल्लीत एकाने विचारलेलं नाही. नंबर मात्र तोंडपाठ. अप्पांना म्हटलं, मी अभ्यास केला होता. ते म्हणाले, अभ्यास सगळेच करतात, नंबर सगळ्यांचा लागत नाही.

जेवले नाही.

रवि. १८ फेब्रु.
धाकट्या सुमनचं दहावीचं हॉल तिकीट आलं. परीक्षेचं केंद्र कुठे, हे तिने बघण्याआधी पाटीलकाकांनी नंबर बघितला. शेवटी ०८. "आते धाकलीनं नशीब दखू," अप्पा म्हणाले. अर्ध्या गल्लीने ०८ घेतलं. सुमनही खूश. मी म्हटलं, तिला यात ओढू नका. आई म्हणाली, तुझं कौतुक झालं तेव्हा चाललं का?

तेव्हाही चाललं नव्हतं. पण कोण ऐकतंय.

रवि. २५ फेब्रु.
०८ लागला नाही. ३७ पण नाही लागला, त्याचं कोणी नाव काढत नाही. मोठ्या पोरीचा नंबर कधी चुकतो का! ०८ मात्र शनीचा आकडा निघाला. सुमन दुकानातून साखर घेऊन येत होती, तर ओट्यावरून पाटीलकाका, "पनवती आली रे, तिकिटं झाका." सगळे हसले. अप्पाही.

सुमनही हसली. त्याचाच जास्त राग आला.

शुक्र. १ मार्च
परीक्षेला दहा दिवस आणि सुमन आईबरोबर साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. बीजगणिताचं पुस्तक गादीखाली.
"मी नाही बसत, ताई. माझा नंबरच वाईट आहे."
नंबराने पेपर सुटतो का, असं मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "तुला इंग्रजीची किती भीती होती. तरी पहिल्या झटक्यात पास झालीस. नंबर चांगला होता म्हणूनच ना?"
आई मान वर न करता म्हणाली, "परीक्षा नही दिनी ते नही दिनी. हातले काम शे."

 

रवि. ३ मार्च
जे या वहीतही कधी लिहिलं नाही, ते लिहिते.

गेल्या जूनमध्ये ४१३७ नापास झाला होता. इंग्रजीत. कॉलेजच्या बोर्डावर बघितलं आणि घरी आले, तर अप्पा गल्लीच्या तोंडाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. "पास?" मी मान डोलावली. बस. एवढंच केलं.

ऑक्टोबरला पुन्हा बसले, दुसऱ्या नंबरावर. घरी सांगितलं, दाखल्याचं काम आहे. सुटले. पदवी खरी आहे, पेढे खोटे. तीन आठवडे मी लॉटरीवर, पाटीलकाकांवर, अप्पांवर चिडते आहे. ते निदान मला नशीबवान समजतात, ते खरं मानून. मी तर...

मंगळ. ५ मार्च
सकाळी पाटीलकाका चहाला होते, या आठवड्याचे नंबर विचारायला. सुमन टिकल्यांचं तबक काढत होती. मी ट्रंकेच्या तळाच्या कागदाखालून जूनची मार्कशीट काढली आणि तिच्या हातात दिली. मोठ्याने वाच, म्हटलं.

तिने वाचलं. माझं नाव. सीट नंबर ४१३७. इंग्रजीचे मार्क. मग थांबली. "ताई, इथे नापास लिहिलंय."
"तेच वाच."

अप्पांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग ते पेढे?"
"खोटे होते, अप्पा. मी ऑक्टोबरला परत बसले तेव्हा पास झाले."

पाटीलकाकांनी कप खाली ठेवला.  "मंग बेटा, ऑक्टोबरचा नंबर काय होता?"
"काका, चहा संपवा आणि जा," मी म्हटलं. मोठ्या माणसाशी असं आजवर बोलले नव्हते.

अप्पा डबा न घेता लूमवर गेले.  दुपारपर्यंत गल्लीला कळलं. नळावर मी गेले तर लताकाकूंनी आपली कळशी बाजूला ओढली.

सुमनने एकच विचारलं, ऑक्टोबरसाठी इंग्रजीचा अभ्यास कसा केला होतास. सांगितलं. मार्कशीट तिने परत दिली नाही, मीही मागितली नाही. टिकल्यांचं तबक अजून तिच्या समोरच आहे.